मुका मार : मेंदूला बसलेला हादरा आणि शाळेत परतण्याची वाट

१/
३१ जानेवारी २०२५. पुण्याजवळचे गहुंजे मैदान. भारत आणि इंग्लंड यांच्यातील चौथा टी-ट्वेंटी सामना. भारताच्या डावातील अखेरच्या षटकात जेमी ओव्हर्टनचा उसळता चेंडू शिवम दुबेच्या हेल्मेटवर आदळला. दुबे उभा होता, बोलत होता, रक्ताचा थेंबही दिसत नव्हता. त्याने पुढचा चेंडूही खेळला. मात्र भारतीय संघ क्षेत्ररक्षणाला उतरला तेव्हा दुबे मैदानात नव्हता. त्याच्या जागी आलेल्या हर्षित राणाने तीन बळी घेतले आणि भारताने सामना १५ धावांनी जिंकला.

२/
नंतरचे अनेक दिवस वाद रंगला तो एकाच मुद्द्यावर : अष्टपैलू फलंदाजाच्या जागी पूर्णवेळ वेगवान गोलंदाज कसा चालतो? या गदारोळात मूळ गोष्ट बाजूला पडली. चालत्याबोलत्या, वरकरणी धडधाकट खेळाडूचा मेंदू आज खेळण्यास योग्य नसू शकतो, ही शक्यता खेळाच्या नियमांनी मान्य केली होती. एवढी साधी वाटणारी गोष्ट मान्य होण्यास वैद्यकशास्त्राला सुमारे हजार वर्षे लागली, आणि क्रिकेटला २०१९ साल उजाडावे लागले.

३/
गहुंजे आणि खेड तालुक्यातील निघोजे ही पिंपरी-चिंचवड व चाकण या एकाच औद्योगिक पट्ट्यातील गावे. समजा, त्याच आठवड्यात निघोज्यातील एखादी सातवीतली मुलगी खो-खोच्या खांबावर आदळली. डोळ्यांपुढे काजवे चमकले, कपाळावर टेंगूळ आले, दवाखान्यातून ‘सगळे नॉर्मल’ असा निरोप मिळाला. सोमवारी ती वर्गात बसली. फळ्यावरची अक्षरे पोहू लागली, पाढे अडखळले, तिसऱ्या तासाला डोके ठणकू लागले. खेळाडूसाठी नियमपुस्तिका होती. या मुलीसाठी काय आहे? या प्रश्नामागे एक लांब इतिहास आहे.

४/
आरंभ एका मराठी शब्दाने करावा. जखम उघडी नाही, रक्त नाही, पण आत दुखापत आहे, अशा माराला मराठीत ‘मुका मार’ म्हणतात. आपली कैफियत मांडू न शकणारा मार. हात-पायाचा मुका मार निदान सुजतो, काळानिळा पडतो. मेंदूचा मुका मार कवटीच्या आत असल्याने तेवढेही करत नाही. चाकणच्या संग्रामदुर्गाचा बुरूज १६६० साली शाहिस्तेखानाच्या सैन्याने सुरुंगाने उडवला, तेव्हा पडलेले खिंडार दोन्ही बाजूंच्या सैन्याला दिसले. येथे तट शाबूत दिसतो आणि आतली घडी विस्कटलेली असते. वैद्यकात यालाच ‘कन्कशन’ म्हणतात.

५/
डोके हे नाजूक स्थान आहे, हे जुन्या वैद्यांना ठाऊक होतेच. सुश्रुतसंहितेत शरीरातील १०७ मर्मे सांगितली आहेत, त्यांपैकी ३७ मानेत आणि डोक्यात आहेत. चरकसंहितेने शिर, हृदय आणि बस्ती ही तीन प्रधान मर्मे मानली. ग्रीक परंपरेत हिप्पोक्रेटिसच्या नावे असलेल्या लेखनातही मेंदू हादरल्यावर माणसाची वाचा जाते, अशी नोंद सापडते. परंतु फुटलेली कवटी आणि केवळ हादरलेला मेंदू यांच्यात स्पष्ट रेघ ओढली गेली नव्हती.

६/
ती रेघ ओढण्याचे श्रेय बहुधा अल्-राझी या इराणी वैद्याला दिले जाते. नवव्या-दहाव्या शतकांच्या संधिकाळात त्याने रय आणि बगदाद येथील रुग्णालये सांभाळली. मेंदूला मोठी जखम झालेली नसतानाही त्याचे कार्य काही काळ बिघडू शकते, हा विचार त्याच्या लेखनात आढळतो. एका बाजूला निरोगी माणूस, दुसऱ्या बाजूला घायाळ माणूस, आणि दोघांच्या मधे एक तिसरी अवस्था. आजच्या शाळेचा पेच नेमका हाच आहे. तिच्या नोंदवहीत ‘हजर’ आणि ‘आजारी’ असे दोनच रकाने असतात. तिसरी अवस्था लिहायला जागाच नसते.

७/
इटलीतून फ्रान्सला गेलेल्या लान्फ्रांक या शल्यचिकित्सकाने १२९६ साली आपला शस्त्रक्रियेवरील मोठा ग्रंथ पूर्ण केला. कवटी न फुटताही मेंदू हादरू शकतो आणि त्याची लक्षणे काही काळाने ओसरतात, असे त्याचे निरीक्षण होते. सोळाव्या शतकात आंब्रोज पारे या फ्रेंच शल्यविशारदाने मेंदूच्या हादरण्याचा विचार पुढे नेला. या ‘ओसरणे’ शब्दाने मात्र एक घात केला. जे आपोआप ओसरते त्याची काळजी कशाला करायची, असा समज रूढ झाला आणि तो आजही घराघरांत टिकून आहे. ‘पोरं पडतातच, दोन दिवसांत बरं होईल’ हे वाक्य त्याचीच लोकभाषेतली आवृत्ती.

८/
भारतात डोक्याच्या दुखापतीचे गांभीर्य सर्वसामान्यांपर्यंत पोहोचले ते मार्च १९६२ मध्ये. ब्रिजटाऊन येथे बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. तेव्हा फलंदाज हेल्मेट घालत नसत. कवटीला तडा गेला, तातडीने शस्त्रक्रिया कराव्या लागल्या, कॉन्ट्रॅक्टर अनेक दिवस बेशुद्ध होते. त्यांच्यासाठी वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी रक्त दिले. पुण्याचे चंदू बोर्डे, नाशिकचे बापू नाडकर्णी आणि मुंबईकडून खेळणारे पॉली उम्रीगर यांनीही दिले.

९/
कॉन्ट्रॅक्टर वाचले. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चांडी यांनी त्यांच्या कवटीत धातूची पट्टी बसवली. याच चांडी यांनी १९४९ साली वेल्लोरला भारतातील पहिला मज्जाशल्यविभाग सुरू केला होता. कॉन्ट्रॅक्टर प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये परतले, कसोटीत मात्र पुन्हा दिसले नाहीत. या घटनेने देशाला एक धडा दिला, पण अर्धाच. डोक्याचा मार म्हणजे फुटलेली कवटी, शस्त्रक्रिया आणि बेशुद्धी, हे चित्र मनात ठसले. त्याहून कितीतरी अधिक वेळा घडणारा, कवटी न फोडणारा मुका मार त्या चित्राबाहेरच राहिला.

१०/
हा मार आत नेमका कसा बसतो? याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑक्सफर्डमध्ये आकाराला आले. १९४१ साली डेनी-ब्राऊन आणि रसेल यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले की, डोके मोकळे असताना त्याला एकाएकी गती मिळाली तर कन्कशन सहज होते. तेच डोके घट्ट आवळून धरले तर तेवढ्याच फटक्याने होत नाही. १९४३ साली होलबोर्न या भौतिकशास्त्रज्ञाने जिलेटिनच्या प्रतिकृती वापरून मांडले की, खरा घात होतो तो डोके झटक्यासरशी गर्रकन फिरण्याने. कवटी थांबते, पण आतला मऊ मेंदू पिळवटला जातो.

११/
त्याच ऑक्सफर्डमध्ये मज्जाशल्यविशारद ह्यू केर्न्स काम करीत होते. मे १९३५ मध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’, सायकलवरील दोन मुलांना चुकवताना मोटरसायकलवरून फेकला गेला आणि सहा दिवसांनी मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत केर्न्स होते. त्यानंतर त्यांनी मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा चिकाटीने अभ्यास केला. १९४१ साली हेल्मेटचे महत्त्व सांगणारा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि ब्रिटिश सैन्यात निरोप पोहोचवणाऱ्या दुचाकीस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले.

१२/
येथे कथा थेट चाकण पट्ट्यात येते. आकुर्डीच्या स्कूटरींनी महाराष्ट्रातील मध्यमवर्गाला चाके दिली. बजाजचा चाकण कारखाना १९९९ साली सुरू झाला आणि २००१ साली आलेल्या ‘पल्सर’ने तरुणांना वेग दिला. पुढे निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी या गावांच्या शिवारांत मोटारींचे आणि सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. वाहने बनवणाऱ्या या भूमीतच शाळेला निघालेले मूल वडिलांच्या दुचाकीवर, कंटेनर आणि ट्रकांच्या रांगेतून वाट काढत असते.

१३/
कायद्याने या मुलाचा विचार उशिरा केला. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२९ ने हेल्मेट सक्तीचे केले. २०१९ च्या दुरुस्तीने चार वर्षांवरील प्रत्येकाचा त्यात स्पष्ट समावेश झाला. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठी हेल्मेट आणि सुरक्षापट्ट्याचा नियम २०२२ मध्ये अधिसूचित झाला. पुण्यात हेल्मेटसक्तीला झालेला विरोध प्रसिद्धच आहे. हेल्मेट कवटी वाचवते, जीव वाचवते, म्हणून ते हवेच. पण होलबोर्नच्या जिलेटिनने दाखवलेला आतला पीळ ते पूर्णपणे रोखू शकत नाही. दुबेच्या डोक्यावरही हेल्मेट होतेच.

१४/
१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन झाले. गॉडफ्रे हाऊन्सफील्ड यांच्या या यंत्राने असंख्य प्राण वाचवले, कारण कवटीतील रक्तस्राव आता दिसू लागला. पण याच यशातून एक अनपेक्षित गैरसमज जन्मला. कन्कशनमध्ये सीटी स्कॅन सहसा स्वच्छच येते, कारण बिघाड रचनेत नसून कार्यात असतो. ‘रिपोर्ट नॉर्मल’ याचा वैद्यकीय अर्थ ‘रक्तस्राव नाही, शस्त्रक्रियेची गरज नाही’ एवढाच. घरी आणि शाळेत मात्र तो ‘काहीच झालेले नाही’ असा वाचला जातो. आधीच मुका असलेला मार या कागदाने पुरता खोटा ठरतो.

१५/
स्कॅनला न दिसणारे ते काय असते? २००१ साली गिझा आणि होव्दा या अमेरिकी संशोधकांनी त्याचे सुसंगत चित्र मांडले. हादऱ्याने मज्जापेशींमधील क्षारांचा तोल ढळतो. तो सावरण्यासाठी पेशींना एकाएकी भरमसाट ऊर्जा लागते, आणि नेमक्या त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो. मागणी वाढलेली, पुरवठा आटलेला. दुष्काळी वर्षात घरखर्च वाढावा तशी ही ओढाताण. अशा मेंदूला गणित सोडवणे, फळ्यावरून वहीत उतरवणे, गोंगाटातून बाईंचा आवाज वेगळा काढणे ही रोजची कामे जड जातात. मूल आळशी झालेले नसते. त्याच्या मेंदूची शिल्लक कमी झालेली असते.

१६/
२००१ मध्येच व्हिएन्ना येथे खेळांतील कन्कशनवर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. खेळाडूने एकेक पायरी चढत मैदानात परतावे, हा विचार तेथे मांडला गेला. २००४ च्या प्राग परिषदेने त्यात भर घातली : शरीराप्रमाणे बुद्धीलाही विश्रांती हवी. १ ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू देण्याचा नियम लागू केला. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू लागलेल्या स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला. कसोटी क्रिकेटमधील हा पहिला असा बदल. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेरा येथे रवींद्र जडेजाच्या जागी युझवेंद्र चहल आला, तेव्हा हा शब्द भारतीय घरांतही पोहोचला.

१७/
शालेय मुलांसाठी कायदा आला तो एका मुलाच्या यातनांतून. ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात १३ वर्षांचा झॅकरी लिस्टेट डोक्याला मार लागल्यावर त्याच सामन्यात पुन्हा खेळायला उतरला. सामन्यानंतर तो कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तो वाचला, पण कायमच्या अपंगत्वासह. २००९ साली त्याच्या नावाने कायदा झाला : संशय येताच खेळाडू मैदानाबाहेर, आणि लेखी वैद्यकीय परवानगीशिवाय परत नाही. काही वर्षांतच अमेरिकेतील सर्व राज्यांनी असे कायदे केले. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातही रोवन स्ट्रिंगर या रग्बी खेळणाऱ्या शाळकरी मुलीच्या २०१३ मधील मृत्यूनंतर २०१८ साली ‘रोवन्स लॉ’ संमत झाला.

१८/
यात एक विसंगती लक्षात येते. सुरुवातीचे जवळजवळ सगळे नियम मैदानाबद्दल होते. मूल खेळात कधी परतेल याच्या पायऱ्या ठरल्या, पण ते वर्गात कधी आणि कसे परतेल हे कोणी विचारले नाही. वस्तुतः प्रत्येक मूल खेळाडू नसते, विद्यार्थी मात्र असते. २०१० साली नील मॅकग्रा यांनी वर्गात परतणाऱ्या खेळाडू-विद्यार्थ्यांना आधार कसा द्यावा, यावर लेख लिहिला. २०१३ साली अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने शिक्षणाकडे परतण्यासंबंधी स्वतंत्र मार्गदर्शन प्रसिद्ध केले. ओंटारियोच्या शाळांनाही अभ्यास आणि शारीरिक हालचाली या दोन्हींत टप्प्याटप्प्याने परतण्याची योजना ठेवणे बंधनकारक झाले.

१९/
याच काळात लंबक दुसऱ्या टोकाला गेला होता. विश्रांती हवी म्हणून मुलांना अंधाऱ्या खोलीत, पुस्तक-फोन-मित्र यांवाचून दिवसचे दिवस ठेवले जाऊ लागले. २०१५ साली अमेरिकेतील मिल्वॉकी येथील अभ्यासाने हा समज हलवला. ११ ते २२ वर्षांच्या ८८ रुग्णांपैकी एका गटाला पाच दिवस कडक विश्रांती दिली, तर दुसऱ्याला एक-दोन दिवसांची विश्रांती आणि मग हळूहळू नेहमीचे व्यवहार. कडक विश्रांतीच्या गटाला लाभ तर झाला नाहीच, उलट त्यांनी अधिक लक्षणे सांगितली. घर, मित्र आणि शाळा यांच्यापासून तोडलेले मूल स्वतःच्या दुखण्याकडेच पाहत बसते, हे त्याचे एक संभाव्य कारण.

२०/
२०१६ ची बर्लिन आणि २०२२ ची ॲमस्टरडॅम परिषद यांतून मधला मार्ग स्पष्ट झाला. पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, म्हणजे घरातली हलकी कामे चालतील, पण मोबाइल-टीव्ही अगदी मोजका. मग घरीच थोडे वाचन, पाच ते पंधरा मिनिटांपासून वाढवत नेलेले. मग घरी बसून थोडा गृहपाठ. मग अर्धा दिवस शाळा, किंवा मधे विश्रांती घेत पूर्ण दिवस. शेवटी नेहमीची शाळा आणि राहिलेला अभ्यास. एखाद्या पायरीवर डोकेदुखी किंचित वाढून तासाभरात ओसरली तर चिंता नाही. जास्त वाढली तर एक पायरी खाली यावे. धक्काबुक्कीचे खेळ सर्वांत शेवटी, पूर्ण वेळ शाळा सुरळीत झाल्यावर आणि डॉक्टरांच्या परवानगीनेच.

२१/
आकडे धीर देणारे आहेत. ॲमस्टरडॅम परिषदेसाठी झालेल्या आढाव्यानुसार खेळात कन्कशन झालेल्यांपैकी सुमारे ९३ टक्के जण दहा दिवसांच्या आत, जादा मदतीशिवाय, पूर्णपणे अभ्यासाला लागतात. कॅनडातील १,६३० मुलांच्या माहितीवरून २०२३ साली असे दिसले की, तीन दिवसांपेक्षा कमी शाळा बुडालेल्या मुलांमध्ये दोन आठवड्यांनंतरची लक्षणे एकंदरीत कमी होती. म्हणजे शाळा हा शत्रू नाही. उपचाराचाच एक भाग शाळेत घडतो. मात्र ती शाळा पहिल्या दिवसापासून पूर्ण वजनाने मुलाच्या डोक्यावर पडता कामा नये.

२२/
आता आपल्याकडचा इतिहास. शाळेने मुलाच्या आरोग्याकडे पाहावे ही कल्पना या देशात परकी नाही, आणि तिच्या मुळाशी एक मराठी माणूस आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याचे महाराज झाले. १९०६ साली त्यांनी संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि १९०९ साली बडोदा शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. भारतातील शालेय आरोग्यसेवेचा आरंभ तेथूनच मानतात. सक्तीने शाळेत आणलेल्या मुलाच्या प्रकृतीचे उत्तरदायित्वही राज्यावर येते, हे सूत्र या दोन निर्णयांच्या क्रमात वाचता येते.

२३/
पुढची वाटचाल मंद राहिली. १९४६ साली भोर समितीने शालेय आरोग्यसेवा देशात जवळजवळ अस्तित्वातच नाही, असा निष्कर्ष काढला. १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली गेली. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्याची पथके शाळांत आणि अंगणवाड्यांत जाऊन जन्मजात दोष, पोषणाच्या उणिवा, आजार आणि वाढीतील विलंब तपासतात. योजना मोलाची आहे. पण तपासणी वर्षातून एकदा येते, आणि डोक्यावरचा मार कोणत्याही मंगळवारी बसतो.

२४/
कायद्याच्या पुस्तकातही तीच पोकळी दिसते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेवर बंदी घातली, त्यामुळे ‘डोक्यात टपली’ हा प्रकारही बेकायदा ठरतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ ने २१ प्रकारची दिव्यांगत्वे मान्य केली. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळतो तो मुख्यतः दिव्यांग विद्यार्थ्यांना, प्रमाणपत्र दाखवून. पण कन्कशन झालेले मूल दोन-चार आठवड्यांत बरे होणार असते. दिव्यांगत्वाच्या ४० टक्क्यांच्या मापात ते बसत नाही, आणि रजेच्या अर्जात त्याची अवस्था मावत नाही. अल्-राझीने ओळखलेली तिसरी अवस्था आजही नोंदवहीच्या दोन रकान्यांमधल्या रेघेवर उभी आहे.

२५/
निघोजेसारख्या गावात हा पेच अधिक गडद होतो. इंद्रायणीकाठच्या या पट्ट्यात मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून कामासाठी आलेली कुटुंबे राहतात. आई-वडील दोघेही पाळीत कामाला असतील तर मुलाला घरी कोणी बघायचे, म्हणून त्याला दुसऱ्याच दिवशी शाळेत पाठवले जाते. भाड्याची एकच खोली असेल तर शांत कोपरा मिळत नाही. नव्याने मराठी शिकणाऱ्या मुलाला ‘डोकं जड वाटतं’, ‘अक्षरं हलतात’ हे सांगायला शब्द सापडत नाहीत. मार मुका, आणि मूलही मुके. अशा वेळी त्याच्या वतीने बोलू शकणारी व्यक्ती बहुधा एकच असते : वर्गशिक्षक.

२६/
वर्गशिक्षकाला यासाठी यंत्र लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही. मुलाला खिडकीच्या उन्हापासून आणि दाराच्या गोंगाटापासून दूर बसवता येते. प्रत्येक तासानंतर पाच-दहा मिनिटे बेंचवर डोके टेकू देता येते. फळ्यावरचे उतरवून घेण्याऐवजी मित्राची वही देता येते. दहा गणितांऐवजी तीन, लेखी चाचणीऐवजी तोंडी प्रश्न, आणि घटक चाचणी पुढच्या आठवड्यात. शारीरिक शिक्षणाच्या तासाला कबड्डी नाही, मैदानाकडेने सावकाश चालणे चालेल. दप्तर हलके. सर्व शिक्षकांना एकाच व्यक्तीने कळवायचे आणि पालकांशीही त्याच व्यक्तीने बोलायचे, म्हणजे मुलाला प्रत्येक तासाला आपले दुखणे नव्याने सिद्ध करावे लागत नाही.

२७/
पालकांसाठी आणि शाळेसाठी एक सीमारेषा मात्र स्पष्ट हवी. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, हातापायातील बळ जाणे, असंबद्ध बोलणे, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे, जागे करूनही जाग न येणे किंवा शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही दिसले तर तो मुका मार राहिलेला नाही. तेव्हा वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोक्याला मार बसल्याचा संशय असलेल्या मुलाने त्या दिवशी पुन्हा खेळायचे नाही, हा नियम तर कोणत्याही शासननिर्णयाविना आजच पाळता येतो. लक्षणे चार आठवड्यांपुढे रेंगाळली तर पुन्हा तज्ज्ञाकडे जावे. ‘नाटक करतो’ हा शेरा हे निदान नव्हे.

२८/
या इतिहासात पुन्हा पुन्हा एकच गोष्ट घडलेली दिसते. फुटलेली कवटी जगाला लगेच कळली, हादरलेला मेंदू कळायला शतके लागली. मैदानावरचा खेळाडू आधी दिसला, बाकावरचा विद्यार्थी नंतर. आधी दुर्लक्ष, मग अंधारी खोली, आणि अखेरीस पायऱ्यांची वाट. गहुंज्यात त्या रात्री एका खेळाडूला मैदानाबाहेर बसण्याचा हक्क मिळाला, कारण त्याच्या न दिसणाऱ्या दुखापतीवर विश्वास ठेवणारा नियम लिहिलेला होता. निघोज्यातील सातवीच्या मुलीसाठी तो नियम अजून कोणी लिहिलेला नाही. तो लिहिला जाईपर्यंत तिच्या शब्दावर विश्वास ठेवणारे एक माणूस शाळेत असावे लागते.

(समाप्त)